नजरेला टेकायची जागा

१

आमच्या चित्रांतल्या माणसांना चेहरे नसतात. राखाडी अंग, राखाडी हात आणि मानेच्या वर एक गुळगुळीत, अंड्यासारखं डोकं. चेहरा काढला की तो हसरा वाटतो, नाहीतर बिचारा वाटतो, आणि समोरचा वकील लगेच उठून हरकत घेतो की हे ज्युरीचं मन वळवणं झालं. म्हणून नवीन खटला आला की मी आधी जागेचे फोटो टेबलावर मांडते, साक्षीदारांचे जबाब वाचते, आणि मग ही बिनचेहऱ्याची माणसं एकेका जागी उभी करते. दुसरा नियम त्याहून कडक आहे. जे कुणी शपथेवर सांगितलेलं नाही आणि जे फोटोतही नाही, ते चित्रात येता कामा नये. खुर्ची नाही, सावली नाही, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाही.

टोलीडोमध्ये, न्यायालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर एमेट हॅगर्टीचं, वकिलांना खटल्यांसाठी चित्रं करून देणारं हे लहानसं ऑफिस आहे. शाळा संपल्यावर मी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे लागले होते, तिथून एमेटने मला आणलं. कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही. पण ज्युरीत बसणारी माणसं माझ्यासारखीच असतात. कुणी बेकरीतलं, कुणी शाळेच्या स्वयंपाकघरातलं, कुणी काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेलं. त्यांना कशात गोंधळ वाटेल हे रोझलिनला आपल्या घरच्यांसारखं कळतं, असं एमेट माझ्याबद्दल वकिलांना सांगायचा.

आणि खटल्याच्या दिवशी वकिलांच्या टेबलाच्या टोकाला एक खुर्ची असते, पडद्यावर चित्रं आणणाऱ्याची. ती माझी होती. त्या खुर्चीतून ज्युरीचे बारा चेहरे सरळ समोर दिसतात. मी बटण दाबायचं आणि बारा माना एकदम वर व्हायच्या. माझं नाव कुणाला माहीत नसायचं, पण ते डोळे माझ्या हाताने हलायचे. घरी परतल्यावर कुणाला सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं.

मग थिया आली.

२

थिया लिंडक्विस्ट क्लीव्हलंडहून आली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, उंच, हाडकुळी, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. दुपारी टेबलाशीच दोन उकडलेली अंडी खायची आणि टरफलं रुमालात बांधून घरी न्यायची. वागायला वाईट नव्हती. तिने कुणाचं काही बिघडवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिची चित्रं माझ्यापेक्षा चांगली होती. हे लिहायला मला अजूनही जड जातं. मी बाण काढते, नावं लिहिते, अंतरं लिहिते, म्हणजे कुणाला प्रश्न पडू नये. थिया अर्ध्याहून जास्त पुसून टाकायची. ती म्हणायची की नजर डावीकडून आत येते, मधल्या गोष्टीवर थांबते आणि मग दमते. तिला टेकायला उजवीकडे थोडी मोकळी जागा लागते. तिथे काहीही ठेवायचं नाही. टेकायला जागा मिळाली की माणूस चित्रातून बाहेर पडत नाही.

तिचा पहिला खटला चौकातल्या अपघाताचा होता. निकालानंतर एमेट नेहमी एकदोन ज्युरींना फोन करून काय पटलं, काय नाही ते विचारतो. एका बाईंनी सांगितलं की तो चौक अजून डोळ्यांपुढून हलत नाही, आणि पलीकडे बसथांब्यावर उभी असलेली ती बाईसुद्धा. एमेटने फोन ठेवून हसत हसत आम्हाला सांगितलं. चित्रात बसथांबा होता. बाई नव्हती. त्याला त्यात थियाचं कौतुकच वाटलं; चित्र इतकं जिवंत, की लोक आपल्या मनाने माणसं भरतात.

दुसरा खटला कुत्रा चावल्याचा. घर, कुंपण, अंगणातली वाट. त्या वेळी कुणीतरी व्हरांड्याच्या पायरीवरच्या बाईबद्दल बोललं. तेव्हाही एमेट हसला. मी नाही हसले. माझ्या मनात एवढंच आलं, की इतक्या वर्षांत माझ्या चित्रातलं होतं तेसुद्धा कुणाला नंतर आठवलं नव्हतं.

३

फॉसचा खटला मोठा होता. डेल्बर्ट फॉस नदीकाठच्या धान्याच्या कोठारात कामाला होता. वरच्या मजल्यावर जमिनीतच कोठ्यांची तोंडं असतात, त्यांवर लोखंडी झाकणं. एका सकाळी तो त्यातल्या एका तोंडातून आत पडला आणि धान्यात बुडाला. कंपनीचं म्हणणं, झाकण त्यानेच उघडलं. त्याची बायको नॅडीन म्हणत होती की झाकण आदल्या पाळीपासूनच उघडं होतं, दिवा बंद होता, आणि सावध करायला त्या मजल्यावर दुसरं कुणी ठेवलंच नव्हतं. डेल्बर्ट तिथे एकटा होता यावर दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांचं एकमत होतं. सगळा खटला त्या एकटेपणावर उभा होता.

नॅडीनचे वकील रॅन्सम पाइक. गोड बोलणारे, पण कामापुरतेच. त्यांनी एमेटच्या खोलीत आम्हा दोघींना बसवलं आणि सांगितलं की दोघींनी एकेक चित्र काढायचं, कोठाराच्या त्याच मजल्याचं, त्याच जबाबांवरून. मग सरावाची ज्युरी बोलवायची, म्हणजे वर्तमानपत्रात जाहिरात देऊन गोळा केलेली साधी माणसं. त्यांना जे पटेल ते चित्र न्यायालयात जाईल.

"आणि जिचं चित्र, तीच खुर्चीत बसेल," पाइक म्हणाले. "चालेल ना, रोझलिन?"

एमेटने माझ्याकडे बघायचं टाळलं. तेवढ्यावरूनच मला कळलं की हे आधी ठरून आलेलं आहे. या वेळी खुर्ची गेली असती तर ती पुन्हा माझ्याकडे आली नसती. मी म्हणाले, न चालायला काय झालं.

थिया म्हणाली की तिला खुर्ची नको, रोझलिनलाच बसू दे. मला ते दान दिल्यासारखं वाटलं.

४

सरावाची ज्युरी आम्ही नेहमी विमानतळाकडच्या एका भाड्याच्या खोलीत बसवतो. मध्ये काच आहे. त्यांच्या बाजूने आरसा, आमच्या बाजूने खिडकी. आमच्या बाजूला अंधार ठेवावा लागतो. आवाज छतातल्या लहान स्पीकरमधून येतो, थोडा पातळ होऊन.

आधी माझं चित्र. एका माणसाने डोनट कॉफीत बुडवला आणि तो तुटून खाली बसल्यावर बोटाने शोधत राहिला. दोघीजणी माझे बाण वाचत होत्या, ओठ हलवत, शाळेतल्या पाठासारखे. कुणालाही काही खटकलं नाही. कुणालाही काही वाटलंही नाही.

मग थियाचं. कोठाराचा मजला तोच. राखाडी माणूस, झाकणाशी आलेला, एक पाय उचललेला. उजवीकडे जिन्याचं दार, फोटोत होतं तसं उघडं, आणि दारापलीकडे मोकळी जागा. स्पीकरमधून येणारी खुर्च्यांची करकर थांबली. डोनटवाल्याने पेला खाली ठेवला. सगळे थोडे पुढे झुकले. मी काचेमागे बसून त्यांच्या त्या माना एकेक करून मोजत होते.

पाइकनी एमेटच्या गुडघ्यावर थाप मारली.

त्यानंतर आतल्या माणसांना आपापसात चर्चा करायला सांगितलं. सुरुवात ठीक झाली. मग एक निवृत्त बसड्रायव्हर बाई होत्या, जाड चष्म्याच्या, त्या म्हणाल्या, "कंपनीचं चुकलंच. पण मला सांगा, ती दारातली बाई काय करत होती?"

मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, कुठली बाई. कुणी विचारलं नाही. डोनटवाला म्हणाला, तेच म्हणतो मी, हाक मारायला काय झालं होतं तिला. दुसरी म्हणाली, हात दाराच्या चौकटीवर ठेवून नुसती उभी. ती बाई जबाबात आलेलीच आहे असं धरून ते बोलत राहिले. शेवटी बहुतेकांचं मत पडलं की दोष तिचा. कंपनीने काय करायचं, माणूस हजर असताना माणसाने सावध केलं नाही तर.

पाइक उठून काचेपाशी गेले होते. त्यांच्या श्वासाने काचेवर धुकं धरलं. ते हळू आवाजात म्हणाले, "कुठली बाई? अरे, कुठली बाई?"

मी थियाकडे बघितलं. ती खाली मान घालून आपल्या बोटांचे सांधे एकेक करून दाबत होती. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

आणि मला, खरं सांगते, त्या क्षणी भीती वाटली नाही. बरं वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी मी थियाचं चित्र मोठ्या पडद्यावर घेतलं. सकाळची वेळ, खिडकीतून नदीकडचा पांढरा उजेड, बाजूला छपाईचं मोठं यंत्र नेहमीसारखं घरघरत होतं. चित्र थरांचं असतं, एकावर एक ठेवलेल्या काचांसारखं. मी एकेक थर बंद करत गेले. माणूस गेला. झाकण गेलं. भिंती गेल्या. शेवटी दार आणि त्यापलीकडची जागा उरली. राखाडी, सपाट, रिकामी. सावली नव्हती, डाग नव्हता. मी नाकाला पडदा लागेपर्यंत जवळ गेले. काही नव्हतं.

माझ्या परीने मी त्याचा अर्थ लावला. एक बाई बोलली की बाकीचे मान हलवतात, हे मी वीस वर्षं काचेमागून बघत आले आहे. तसंच झालं असेल. म्हणून मी त्या बसड्रायव्हर बाईंना फोन केला, मग डोनटवाल्याला, आणि मग तिथल्या अशा एका मुलीला जी चर्चेत एक शब्दही बोलली नव्हती. तिघांनाही वेगवेगळं विचारलं. दार कुठे? उजवीकडे. कुठला हात चौकटीवर? डावा. कपडे? राखाडी, त्या माणसासारखेच. मुलगी म्हणाली की ती थोडी पुढे वाकलेली होती, आत यावं की नाही असं ठरवत असल्यासारखी.

बसड्रायव्हर बाईंना मी चेहऱ्याबद्दल विचारलं. त्यांना माझं नवल वाटलं.

"अहो बाई, चेहरे कुणालाच नव्हते ना तुमच्या चित्रात," त्या म्हणाल्या. "पण बघत होती ती. एवढं कळतं की माणसाला."

मी फोन ठेवला. यंत्र थांबलं होतं आणि कागद बाहेर येऊन जमिनीला टेकला होता. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मला नीट आठवतं. हे काय आहे, असं नाही आलं. आलं ते हे, की माझ्या चित्रात का नाही आली? मीही तेच दार काढलं होतं. तेच उघडं दार. त्यात मी एक बाण काढला होता आणि लिहिलं होतं, जिना. माझ्या दाराकडे कुणी फिरकलंच नव्हतं. जे नाही तेसुद्धा थियाच्याच चित्रात येऊन उभं राहतं.

६

पाइकनी थियाचं चित्र काढून टाकलं, पण माझंही त्यांना नको होतं. एमेटने मध्यममार्ग काढला. थियाची मांडणी, पण रोझलिनच्या हातची. अगदी कोऱ्या पडद्यापासून, तिचा एकही थर न वापरता. सरावाची आणखी एक ज्युरी बसवायची. जमलं तर खुर्ची माझी.

थियाने एका शब्दाने विरोध केला नाही. उलट दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. हातात तिची अंडी होती, सोललेली नव्हती.

"दाराच्या अलीकडे चित्र काप," ती म्हणाली. "उजवी कड आत घे. दार दिसूच देऊ नकोस."

मी म्हटलं, फोटोत दार आहे, मग चित्रात का नको. आणि नजर टेकणार कुठे, तूच तर सांगतेस.

"टेकू नये म्हणूनच सांगतेय. तिला जागा ठेवू नकोस."

मी विचारलं, कुणाला. ती उभ्याउभ्या अंड्याचं कवच अंगठ्याने चेपत राहिली. ते सगळीकडून तडकलं, पण तिने सोललं नाही. मी विचारलं, क्लीव्हलंडलाही असं व्हायचं का.

"तिथे लांब असायची," ती म्हणाली. "शेताच्या पलीकडे वगैरे. लोकांना वाटायचं, झाड असेल. मी त्या कोपऱ्याकडे बघतच नाही आता. गेली चार वर्षं माझीच चित्रं मी अर्धीच बघते, रोझलिन."

तिचे डोळे लाल होते. कुणालाही तिची दया आली असती. मलाही आली, थोडी. पण तिच्या बोलण्याचा मला जो अर्थ लागला तो वेगळा होता. दार कापलं की चित्र आखूड होणार, नजर भिंतीला आपटून परत फिरणार, माणसं पुन्हा कॉफीत डोनट बुडवणार. मग सगळे म्हणणार, थियाची मांडणी होती तोवर चित्र चित्र होतं. स्वतःचं गेलं तर माझंही राहू नये, असं तिला वाटत असणार. तिच्या जागी मला तसंच वाटलं असतं.

मी तिला म्हणाले की बघते. आणि ती गेल्यावर मी दार फोटोच्या मर्यादेत जितकं उघडं दाखवता येईल तितकं उघडं काढलं. बाण काढला नाही. नाव लिहिलं नाही. दारापलीकडची राखाडी जागा थोडी मोठी केली.

ते काढताना ऑफिसात चांगला उजेड होता, एमेट शेजारच्या खोलीत फोनवर त्याच्या मेव्हण्याशी मासेमारीबद्दल भांडत होता. वाईट असं काहीच नव्हतं. फक्त एकदा मला वाटलं, की चित्राच्या त्या मोकळ्या जागेशी मी मनातल्या मनात काहीतरी बोलले. 'ये' असं म्हटलं असेल. किंवा नसेल.

७

सरावाच्या दुसऱ्या ज्युरीत सगळी माणसं नवी होती. मी काचेमागे हात मांडीखाली दाबून बसले.

चित्र लागलं आणि खुर्च्यांचा आवाज थांबला. माझ्या चित्रापुढे. तोंडात घास घेतलेल्या एका बाईने चावणं थांबवलं. ते पुढे झुकले, आणि थियाच्या वेळी झुकले होते त्याहून जास्त. एमेटने अंधारात माझा खांदा दाबला.

चर्चेत कुणी कुठल्या बाईचं नाव काढलं नाही. झाकण उघडं होतं, दिवा नव्हता, गडी एकटा होता, कंपनीचं चुकलं. पाइक इतके खूश झाले की त्यांनी कोट न घालताच बाहेर जाऊन सिगारेट ओढली, आणि बाहेर बर्फ पडत होतं. आत येऊन ते म्हणाले, "खुर्ची तुझी, रोझलिन. ती दुसऱ्या कुणाची कधी नव्हतीच."

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तिथेच निघायचं होतं. पण मला कुठेतरी सलत होतं की थियाच्या चित्रात आलं ते माझ्या चित्रात आलं नाही. इतकी मी वेडी. लोक कोट घालून निघत होते, तेव्हा मी दाराशी एका पोक्त गृहस्थाला गाठलं. हार्डवेअरच्या दुकानात काम करणारा, सरळ माणूस. मी सहज विचारावं तसं विचारलं, चित्रातलं दार कसं वाटलं, नीट कळलं ना.

ते म्हणाले, हो, उघडं होतं, रिकामं होतं.

मी आभार मानले. ते कोटाची चेन वर ओढत म्हणाले, "ती बाई मध्ये नसती तर अजून नीट दिसलं असतं. पुढे अगदी."

मी म्हटलं, कुठे पुढे.

"अगदी पुढे हो, आपल्या बाजूला पाठ करून. इतकी जवळ की नुसता खांदा मावत होता चित्रात. आणि थोडे केस." मग त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला, मला वाईट वाटलं असेल असं समजून. "नाही, चांगलं काढलंय. आम्ही समजून घेतलं. तिला वाटेत उभं राहायचं असेल, त्याला काय करणार."

बाकीचे गाड्यांकडे चालले होते. मी त्यांच्यापैकी कुणाला हाक मारून विचारू शकले असते. एमेट आतच होता, पाइक आत होते, त्यांना सांगू शकले असते. नॅडीन फॉसचं सगळं त्या चित्रावर होतं, हेही मला माहीत होतं. मी त्या गृहस्थांना सांभाळून जा म्हटलं, वाटेत बर्फ आहे. आणि आत येऊन केबल गुंडाळायला लागले. एका माणसाचं सांगणं, तेही कोट घालता घालता, त्याचा चष्मा धुकटलेला. मी स्वतःला ते पटवून दिलं. केबल दोनदा सोडून पुन्हा गुंडाळली.

८

खटल्याआधी चित्रं समोरच्या बाजूला दाखवावी लागतात. कंपनीच्या वकिलांनी माझं चित्र टेबलावर पसरून वरून खाली तपासलं, प्रत्येक गोष्ट कुठल्या जबाबात आहे ते जुळवून पाहिलं आणि म्हणाले, हरकत नाही. हरकत घेण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

न्यायालयातली ती सकाळ मला आवडली होती. रेडिएटर टकटक करत होता, ओल्या कोटांचा वास होता. मी माझ्या पोलिश आजीचे मोती घातले होते. टेबलाच्या टोकाला माझी खुर्ची, तिच्या डाव्या हाताला भिंतीपर्यंत मोकळी फरशी. समोर बारा जण, माझ्या मागे भिंतीवर पडदा. नॅडीन फॉस पहिल्या बाकावर, हातमोजे मुठीत धरून. थिया सर्वांत मागे. तिला यायचं कारण नव्हतं, पण ती आली होती आणि मला बघून तिने मान हलवली. मला वाटलं, बघू दे.

पाइकनी जबाब वाचून दाखवला. मग नेहमीसारखं माझ्याकडे न बघता एक बोट उचललं. मी बटण दाबलं.

बारा माना वर झाल्या. मी पडद्याकडे बघत नाही. माझं काम त्या माणसांकडे बघणं. नजरा डावीकडून आत आल्या. झाकणाशी थांबल्या. राखाडी माणसाच्या उचललेल्या पायावर रेंगाळल्या. मग दाराकडे गेल्या. दारावर त्या टेकल्याच नाहीत. तिथून पुढच्या कडेकडे आल्या, खालच्या कडेकडे, आणि मग चित्राबाहेर.

मला आधी कळलं नाही. चित्राखाली भिंत आहे, भिंतीखाली फरशी. नजरा फरशीवरून सरकत होत्या, चालणाऱ्या माणसाकडे बघताना सरकतात तशा, त्याच चालीने, थोडं थांबून, पुन्हा पुढे. पहिल्या रांगेतल्या तरुणाने कुणाला तरी जाऊ द्यावं तसे पाय आत घेतले. पाइक बोलत होते. न्यायाधीश काहीतरी लिहीत होते. रेडिएटर टकटक करत होता.

मागच्या बाकावर थियाने मान वर केली होती. ती माझं चित्र बघत होती. पूर्ण चित्र, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, दारासकट, सावकाश. तिचे खांदे खाली आले होते. इतकं हलकं झालेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. हेही तिलाच मिळालं.

मग मी ज्युरीकडे बघितलं आणि बाराही जण माझ्याकडे बघत होते.

एक क्षण, फक्त एक क्षण, मला अभिमान वाटला. इतकी वर्षं ते डोळे माझ्या हाताने हलले होते, पण माझ्याकडे कधी वळले नव्हते. मी पाठ सरळ केली. मला वाटतं मी हसलेही. आणि तेव्हा दिसलं की कुणाशीच माझी नजर जुळत नाही. ते माझ्या किंचित डावीकडे बघत होते, मोकळ्या फरशीवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

पाइकनी पुढच्या चित्रासाठी बोट उचललं. मी बटण दाबलं. माझ्या मागे पडदा बदलला, त्याचा उजेड टेबलावर हलला. एकही मान वर झाली नाही.

मी हलले नाही. माझ्या डाव्या बाजूला कुठलाही आवाज नव्हता, श्वाससुद्धा नव्हता. फक्त त्या बारा नजरा हळूहळू खाली यायला लागल्या, सगळ्या एकदम, समोरचं माणूस वाकत जावं तशा. डोक्याच्या उंचीवरून माझ्या खांद्यापर्यंत, खांद्यावरून माझ्या कानापाशी. तिथे त्या टेकल्या.